एका गुणाने पुढे

— नाही, उठू नका साहेब, खाऊन घ्या तुमचं, मी फक्त बसते इथे समोर, दोनच मिनिटं — हो, ओळखलंत ना, कालच्या फुटबॉल मॅचमध्ये कठड्यावरून पंचांच्या, म्हणजे तुमच्या अंगावर ओरडणारी ती मीच, मार्लिस ब्रेकी, इव्हरची आई. इव्हर म्हणजे आमचा किक मारणारा मुलगा. तुम्हाला कसा आठवणार नाही! — मी भांडायला आलेली नाही. काल भांडले ते भांडले. तुम्ही निघायच्या आत गाठायचं म्हणून सकाळपासून मोटेलं पालथी घातली, तर तुम्ही इथे, पॅनकेक खात बसलेले. कॉफी नको गं डार्ला, मला काही नको.

आता मला एवढंच सांगा. घड्याळ शून्यावर आलं होतं ना? आलं होतं. आमच्या एका पोरानं चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, टचडाउन झाला, सहा गुण मिळाले, आम्ही सव्वीस आणि ते पंचवीस. एका गुणाने पुढे. मग संपली ना मॅच? सगळं गाव मैदानात उतरलं होतं, शेजारची म्हातारी मार्था काठी टाकून नाचत होती — आणि तुम्ही शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढलंत. का, तर म्हणे टचडाउननंतरची ती जादाची किक अजून बाकी आहे. अहो, जिंकलेल्या माणसाला कशाला हवा जादाचा गुण? चुकलंच ना तुमचं? असं एखाद्याचं चुकू शकतं, नाही का, एवढ्या गोंधळात —

माहीत आहे. माहीत आहे हो, मान हलवू नका. तीन गुणांनी पुढे असतो तर तुम्ही आम्हाला तसंच घरी जाऊ दिलं असतं, निकाल बदलणार नसेल तर ती किक खेळायचीच नाही, असाच नियम आहे. पण आम्ही एकाच गुणाने पुढे. आणि समोरच्यांनी ती किक अडवली, चेंडू उचलला आणि सगळं मैदान तुडवत आमच्या टोकाला नेला, तर दोन गुण त्यांना. मग सत्तावीस-सव्वीस, आणि ते जिंकले. म्हणून खेळावीच लागते. वाचलंय मी, इतक्यांदा वाचलंय की फोनची बॅटरी संपली. पण कधी होतं का हो असं? तुमच्या आयुष्यात कधी बघितलं होतंत? — बघा. तुम्हीसुद्धा नाही.

मी बघितलं ना. त्या उंच पोरानं हात वर केला आणि ‘थप्प’ असा आवाज झाला — कठड्यापर्यंत ऐकू आला मला — आणि दुसऱ्यानं चेंडू काखेत घातला आणि सुटला. आमचे बाकीचे नुसते उभे, अर्धे तर आधीच जिंकून बसलेले. मागे धावला तो एकटा इव्हर. माझा काटकुळा इव्हर. शेवटी उडी घेतली त्यानं, त्या पोराच्या बुटाला हात लागला त्याचा. नुसता लागला. मग तिथेच पालथा पडून राहिला, तुम्ही त्याच्या बाजूनेच गेलात हात वर करून, दोन गुण दाखवत — नाही नाही, तुमचं काम होतं ते, मी काही म्हणत नाही.

मी मागायला आलेय. एक वाक्य. इथल्या पेपरवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे. त्याला एवढंच सांगा की आमची चूक झाली, मॅच टचडाउनलाच संपली होती. निकाल बदलू नका, तो राहू दे तसाच. फक्त तुमची चूक म्हणा. तुमचं काय जाणार आहे? ओरडतील चार दिवस, तुम्ही तर दुसऱ्या गावचे, आमच्या तोंडाकडे बघायची वेळ यायची नाही तुमच्यावर. आम्हाला इथंच राहायचंय. माझं केस कापायचं दुकान आहे, गावातलं सगळं माझ्या खुर्चीत बसून बोललं जातं. बघा ना, आज पहाटे आमच्या टीमच्या कोच लंडीनच्या दारात कुणीतरी हरणाची आतडी आणून टाकली. शिकारीचे दिवस, मिळायला काय उशीर! त्याची बायको हातमोजे घालून पायऱ्या धूत होती, आणि नेमके आम्ही तिथून गेलो. इव्हर गाडीतून बघत होता.

कोचची चूक? सगळं गाव तेच म्हणतंय ना! एका गुणाने पुढे असताना किक मारतं का कोणी? चेंडू हातात घ्यायचा, गुडघा टेकायचा, की खेळ तिथेच थांबतो, झालं, शेंबड्या पोराला कळतं. आज दुपारी कॉलेजवाले बोलावणार आहेत त्याला, घरीच बसवणार. आणि तो पेपरवाल्यांसमोर छाती काढून सांगतोय, निर्णय माझा, फक्त माझा. त्याचा कुठला आलाय! तो तर गुडघाच टेकायला सांगत होता, इव्हरनं बाही धरली त्याची, म्हणाला, कोच, मला मारू द्या, एक तरी सरळ जाऊ द्या —

...

तुम्ही ऐकलं नाहीत हे. साहेब, माझ्याकडे बघा. मी काही बोलले नाही आणि तुम्ही काही ऐकलं नाहीत. कोचनं त्याला बजावलंय, तोंड उघडायचं नाही म्हणून. मी पण बजावलंय. वीस वर्षांचं पोर आहे हो ते! दोन किक आधीच चुकल्या होत्या त्याच्या, एक तीन गुणांची, एक एका गुणाची — ते चार गुण असते तर ही किक खेळावीच लागली नसती, हे त्याला कळत नाही का? शेवटची मॅच त्याची, असं घेऊन घरी यायचं नव्हतं त्याला. एवढंच. आणि त्या भल्या माणसाला दया आली. आता इव्हर म्हणतो, मी जाऊन सांगणार सगळ्यांसमोर. मी म्हटलं, खातील रे तुला, कोच मोठा आहे, सोसेल, दुसरीकडे नोकरी मिळेल त्याला. म्हणाले मी असं. पायऱ्या धुणाऱ्या त्या बाईच्या दारासमोरच म्हणाले.

म्हणून म्हणते, तुमच्यावर घ्या. मग कुणाचंच काही नाही, ना कोचचं ना त्याचं. पेपरात नको तर नको, नुसतं त्याला सांगा. तो बघा, बाहेर ट्रकमध्ये बसवलाय, हीटर चालू ठेवून, हलायचं नाही म्हटलंय. तुम्ही नुसते काचेशी जा, म्हणा, पोरा, माझी चूक झाली, ती किक व्हायलाच नको होती. खोटं कसलं त्यात? व्हायलाच नको होती ना? उठा ना. साहेब, मी पाया पडते तुमच्या, लोक बघतायत तर बघू देत, उठा —

थांबा. दिवे लागले मागचे.

मागे घेतोय. इव्हर! — ऐकू जाणार नाही त्याला. घरी जाईल, थंडी वाजत असेल... घर उजवीकडे आहे आमचं. उजवीकडे वळ. वळ ना रे.

डावीकडे गेला.

तिकडे काही नाही दुसरं. कोचचं घर, आणि पुढे कॉलेज.

तुमची गाडी आहे ना? सोडता मला तिथवर? — नको. नकोच. तुमच्या गाडीतून उतरले तर लोकांना बोलायला आणखी एक निमित्त मिळेल. चालत जाईन मी. जाऊन काय करणार, पायरीवर उभी राहीन त्याच्या शेजारी, दुसरं काय करणार.

आणि ते मघाचं, मी मागितलं ते — नका करू. तो तिकडे खरं सांगत असताना तुम्ही इकडे खोटं बोललात तर त्याला कोण विचारणार? कोणी काही विचारलंच, तर नियम होता तो सांगा. बरोबर होतात तुम्ही.

बघताय काय? जा आता. लांब जायचंय तुम्हाला. जा म्हणते ना.