मसालेचं पान

डोंगरउतारावरच्या मारांगू गावाच्या थांब्यावर माझ्या मागे एक म्हातारी आणि शहरातून आलेली कुणाची तरी नवी सून बोलत होत्या.

"काय उपटलंस?"

"केळीच्या बागेतली ती लांब पानांची, मसाले म्हणतात ती झुडपं, मावशी. मला वाटलं, रान माजलंय."

"अगं बये! मसाले थडग्यावर लावतात. तिथे कुणाला पुरलंय?"

"आजेसासऱ्यांना. आज कळलं."

"फांद्या परत खोच, पाणी घाल. जीव धरतील."

"जाळल्या हो."

"मग सासऱ्यांपुढे मसालेच्या पानाला गाठ मारून धर. ते पान धरून माफी मागितली की कुणी नाही म्हणत नाही."

"मोशीला त्यांच्याकडेच निघालेय. हे बघा पान."

"कुठून तोडलंस?"

"त्याच झुडपाचं. जाळण्याआधी."

म्हातारी पिशवी उचलून दोन पावलं मागे सरकली.

"मावशी, गाडी आली. तुम्हीही मोशीलाच ना?"

"तू जा. मी पुढच्या गाडीने येईन."