बांधावर झाड नको

आजच्या सभेच्या अध्यक्षबाई, स्टेजवरचे पाहुणे, आणि दारात उभं राहून जेवणाचा अंदाज घेणारे बंधू-भगिनी, सगळ्यांना नमस्कार. मी गिरणीवाली. मला माइक लागत नाही.

आपल्या धरणाचे राखणदार, आपले नाना, आज कामातून मोकळे होतायत. उद्या लेकीकडे राहायला जाणार. आनंदाचीच गोष्ट. मग त्यांचं तोंड असं का उतरलंय? पाहुण्यांच्या मांडीवरचं ते अंजिराचं रोप बघा. जेवणं झाली की नानांच्या नावानं ते धरणाच्या बांधावर लावायचंय म्हणे!

अहो, ज्या माणसानं जन्मभर बांधावरचं एकेक रोप उपटलं, त्याचा हा सत्कार? कुणाचं सुपीक डोकं हे?

नव्या सुनांना ठाऊक नसेल. मागं शाळेच्या बाईंनी बांधावर पेरूची रांग लावली. दुसऱ्या दिवशी बघतो तर एकही रोप जागेवर नाही. सगळी वस्ती नानांच्या अंगावर. आमचे हे म्हणाले, "काय हो, झाडांशी वैर आहे का तुमचं?"

नाना आम्हाला बांधाच्या पायथ्याशी घेऊन गेले. तिथं मनगटाएवढं भोक, त्यातून गढूळ पाणी.

"वर जुनं झाड होतं. वाळलं, मुळं कुजली, पाण्याला वाट मिळाली. धरण मातीचं आहे, बाबांनो. आता भांडायचं, का माती आणायची?"

आणली. धरणाचं पाणी उतरवलं, भोक उकरलं, चिकणमाती ठासली. शाळेच्या बाईसुद्धा बाह्या सरसावून मातीच्या पाट्या उचलत होत्या.

आणि पेरू? ते नानांनी शाळेमागं लावले होते. अध्यक्षबाई, लहानपणी कुंपणावर चढून तुम्ही खायचात, तेच. हसू नका, मी बघितलंय.

काल नाना गिरणीवर आले. दळण नाही, काही नाही. म्हणाले, "ताई, मी गेल्यावर हे लोक बांधावर सावली करतील बघ."

मी म्हटलं, "जा हो, एवढे का वेडे आहोत आम्ही?"

आहोत. बसलोय समोर.

पाहुणे, ते रोप इकडं द्या. हां. हे शाळेमागं लागेल, नानांच्याच नावानं. आणि नाना, पिशवीतलं खुरपं लपवू नका, दांडा दिसतोय. आणा इकडं. उद्यापासून सकाळी बांधावर मी, दुपारी गिरणीवर. आता तरी हसा.

हसले बघा!

पाहुण्यांच्या कपड्यांना माती लागली, ती झटकून टाका. माझं बोलणं जाडंभरडं, तेही तसंच झटका. आलात, बसलात, बरं वाटलं. नानांचे आभार मात्र मी इथं मानत नाही. घरी जा, नळ उघडा, आणि तिथं माना.