चटईखालून उठलेला मंत्री

सन्माननीय अध्यक्ष, आदरणीय पाद्रीबाबा, व्यासपीठावरचे कुळप्रमुख आणि दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या सग्यासोयऱ्यांनो,

आधी कबूल करतो. मामांच्या सत्काराच्या या भाषणासाठी मला तीन आठवडे मिळाले होते. त्यात मी होडी रंगवली, दोनदा राजधानीला, आपियाला जाऊन आलो, पण कागदाला हात लावला तो आज सकाळी. कारण लिहायला बसलं की एकच गोष्ट लिहावी लागत होती.

पेनिआमिनामामा एकवीस वर्षं संसदेत, त्यातली नऊ जलवाहतूक मंत्री. बांधलेल्या धक्क्यांची यादी अध्यक्षांनी वाचलीच. मी पुन्हा वाचली तर भट्टीतलं डुक्कर गार होईल.

चार वर्षांपूर्वी वादळाचा इशारा असताना मामांनी बोट सोडू दिली. बोट बुडाली. सिनाफोआबाईंची लेक गेली. सचिव म्हणाले, "साहेब, चौकशी समिती बघेल." मामा म्हणाले, "समितीची मुलगी गेली का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ते बाईंच्या अंगणात गुडघे टेकून बसले, डोक्यावरून घरातली सर्वांत जुनी चटई पांघरून. आपली माफी मागायची ही रीत तुम्हाला मी काय सांगावी? घरच्यांनी चटई उचलली तर माफी. तोवर आपण होऊन उठायचं नाही.

शेजारी मी होतो. नुकताच न्यूझीलंडहून सफरचंदं तोडून आलेलो, मनगटावर नवं घड्याळ. (तिथल्या मुकादमाची एक गंमत आहे, पण ती राहू दे.) दुपारी फोन आला. मी चटईत डोकं खुपसलं.

"मामा, मंत्रिमंडळाची बैठक आहे. चला."

"थांब रे."

"कोणी येत नाही हो! म्हातारी ढिम्म हलत नाहीये. उठा!"

ते उठले. चटई तिथेच राहिली.

नंतर कळलं, बाई घरात चर्चला जायचा पांढरा पोशाख घालत होत्या. चटई उचलायला असं-तसं कसं जायचं? दार उघडलं, तर अंगणात नुसती चटई.

बाजारात बायका अजून टोमणा मारतात, "मंत्र्याचे गुडघे दुखले वाटतं!" मामा मान खाली घालून पुढे जातात. चार वर्षांत त्यांनी त्या समुद्रातला मासा तोंडात घातला नाही, आणि माझं नावही कुणाला सांगितलं नाही. आज मी सांगतो. उठवलं मी.

आपण ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर लेकरू म्हणून पोटात घाला. आणि मामा, तुम्ही...

दाराशी गलका कसला? अहो, वाट द्या त्यांना. सिनाफोआबाई आल्यात. पांढऱ्या पोशाखात. काखेत ती चटई.

मामा, हळू उतरा, पायरी आहे. टेका गुडघे. आणि या वेळी मी काहीही म्हटलं तरी उठू नका.