जिभेखालची गोळी

पंचवटीतल्या मेडिकलमध्ये मी खोकल्याचं औषध घ्यायला उभा होतो. माझ्यापुढे डोक्यावर पदर घेतलेल्या एक मावशी दुकानदाराशी हळू आवाजात बोलत होत्या.

“भाऊ, आमच्या मालकांसाठी ताकदीचं काही हाय का? तसल्या ताकदीचं.”

“लाजू नका मावशी, रोज विचारतात लोक. हे तेल आहे, वरून लावायचं.”

“याचा काही त्रास?”

“काहीच नाही.”

“मग नको.”

“बरं, हे अश्वगंधाचं चूर्ण न्या. दुधातून द्या. याचाही त्रास नाही.”

“ते पण नको. ती निळी गोळी असते ना, तिचं सांगा.”

“ती चिठ्ठीशिवाय नाही देत. मालकांना हार्टचं काही आहे का?”

“छातीत दुखलं की जिभेखाली गोळी ठेवतात.”

“मग निळी चुकूनसुद्धा नको! दोन्ही एकत्र झाल्या की बीपी एकदम खाली जातो. माणूस पडतो.”

“उठत नाय?”

“कधीकधी नाही उठत.”

“त्यांना हे ठाऊक असंल?”

“निळीचं डॉक्टरांपासून लपवतात हो लोक. तुम्हीच सांगा घरी गेल्यावर.”

“बरं झालं विचारलं. मग जिभेखालच्या तेवढ्या द्या. ही घ्या चिठ्ठी. त्यांच्या संपत आल्यात.”

“देतो. पण निळीचा विचार सोडा.”

“ती मला कशाला? ती त्यांच्या खिशात असतेच, सायखेड्याला तिच्याकडं जाताना.”