तीन बोटं सरकलेला दगड

सन्माननीय अध्यक्ष आणि रेल्वेच्या आपल्या विभागाचे वरिष्ठ अधिकारी महोदय, व्यासपीठावर बसलेले मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सारे इथे जमलो आहोत ते आपले स्टेशन मास्तर, त्यांच्या सौभाग्यवती, स्टेशनवरची सगळी सहकारी मंडळी, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सर्वप्रथम संयोजकांचे आभार मानतो. एका दातांच्या डॉक्टरला रेल्वेच्या निरोप समारंभात बोलायला बोलावणं याला धाडस लागतं. लोकांचा माझ्याविषयी अनुभव असा, की मी समोर आलो की तोंड त्यांनी उघडायचं असतं. आज उलटं आहे.

मी बोलायची तयारी करून आलो होतो. चांगले पाच-सहा किस्से होते, हसवणारे. पण तासाभरापूर्वी या सभागृहाच्या दारात सहायक मास्तरांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली, आणि मी हादरलो. खोटं कशाला बोलू, अजूनही सावरलेलो नाही. तेव्हा ठरवलेलं भाषण बाजूला ठेवतो आणि जे झालं ते सरळ सांगतो. अध्यक्ष महोदय, थोडा जास्त वेळ लागेल. आधीच परवानगी मागतो.

माझा छंद तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी अठरा फूट लांबीच्या फळीवर आपलं हे स्टेशन उभं केलंय. फलाट, सिग्नल, केबिन, पाण्याची टाकी, सगळं लहान पण मापात. रुळांखालचे स्लीपर मी दात कोरायच्या यंत्रानं घासून बनवलेत. आमच्या घरी याला 'डॉक्टरांचा भातुकलीचा खेळ' म्हणतात. म्हणोत.

सात वर्षांपूर्वी मास्तर पहिल्यांदा तो खेळ बघायला आले. मी मोठ्या दिमाखात बटण दाबलं. गाडी निघाली, एक फेरी झाली, दुसरी झाली. मास्तर हाताची घडी घालून बघत उभे. तिसऱ्या फेरीला म्हणाले, "डॉक्टर, ही गाडी कुठे निघालीय?"

म्हटलं, "कुठे म्हणजे? फिरतेय."

"कुणाला विचारून निघाली?"

मी बटणाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "आमच्याकडे पुढच्या स्टेशनला विचारल्याशिवाय गाडीचं चाक हलत नाही. तो 'लाइन मोकळी आहे' म्हणतो, आकडा देतो, आम्ही तो वहीत लिहितो, मग सिग्नल. तुमची ही गाडी म्हणजे उनाड गाय आहे."

मला ते लागलं, हे कबूल करतो. दुसऱ्याच बुधवारी, दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा, मी वही-पेन्सिल आणि टेप घेऊन स्टेशनवर हजर. परवानगीचा अर्ज मास्तरांनीच लिहून घेतला. पुढे सात वर्षं बुधवार चुकला नाही. गाडी बाजूच्या लाइनला घ्यायची म्हणजे नक्की कोण काय करतो, गाडीचा मार्ग बदलणारा पॉइंट्समन कुठे उभा राहतो, शेवटच्या डब्यामागचा दिवा कुणी बघायचा, हे सगळं मी उतरवून घेतलं. रूळ मोजले, काटे मोजले, फलाटाची उंची मोजली. गँगमन लोक मला बघून हसायचे. "डॉक्टर, रुळाला कीड लागली का हो?" असं विचारायचे.

घरी येऊन मी ते सगळं अमलात आणलं. पलीकडच्या खोलीत पुढचं स्टेशन केलं. तिथे आमच्या चौकातले औषधवाले बसायचे. मधे फोन. मी विचारायचं, "मालगाडीला लाइन मोकळी का?" ते म्हणायचे, "थांबा, चहा पितोय." मग मी थांबायचो! आपली माणसं हसतायत, पण मास्तर हसले नव्हते. ते म्हणाले होते, "आता कुठे रेल्वे झाली."

आता मी ज्याच्यापाशी येतोय, ती गोष्ट एका दगडाची आहे. रेल्वेतल्या मंडळींना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मुख्य लाइन आणि बाजूची लाइन जिथे एकमेकींजवळ येत जातात, तिथे दोघींच्या मधे एक पांढरा दगड पुरलेला असतो. बाजूच्या लाइनवर उभ्या गाडीचं शेपूट त्या दगडाच्या आत असलं, तर शेजारून दुसरी गाडी बिनधास्त जाऊ शकते. बाहेर राहिलं, तर जाणारी गाडी त्या शेपटाला लागणार. एवढंच त्या दगडाचं काम. पॉइंट्समन दगडापाशी उभा राहून बघतो, हात वर करतो, आणि मास्तर पुढच्या गाडीला सिग्नल देतात.

आपल्या स्टेशनवर नऊ वर्षांपूर्वी रूळ बदलले. तेव्हा काटा, म्हणजे एका रुळातून दुसरा जिथे फुटतो ती जागा, पाचेक मीटर सरकला. दगड मात्र होता तिथेच राहिला. आणि पुढे काय झालं? वार्षिक तपासणीच्या आधी दर वर्षी त्या दगडाला चुना लागला. मास्तरांच्या सहीनं लागला. साहेब आले, दगड पांढराशुभ्र बघून गेले. "नऊ वर्षं आम्ही तो रंगवला, मोजला कुणीच नाही," असं मास्तर मला नंतर म्हणाले.

तरी काही बिघडलं नाही, कारण मालगाडी तेवीस डब्यांची. तिचं शेपूट दगडापर्यंत पोचायचंच नाही. मग या वर्षी नवं वेळापत्रक आलं आणि मालगाडी सव्वीस डब्यांची झाली. आता शेपूट बरोबर दगडाच्या आत, टेकून. पॉइंट्समन बघतो, आत आहे, हात वर. मास्तर सिग्नल देतात. सगळं नियमानं! कुणी कामात कसूर केली नाही हो. आणि रोज दुपारी त्या शेवटच्या डब्याच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावरून चारची पॅसेंजर फलाटावर येत होती.

हे मला कसं कळलं? तेच सांगायला उभा आहे.

नवं वेळापत्रक आल्यावर मीही माझ्या मालगाडीला तीन डबे जोडले. पॅसेंजर सोडली. 'खर्र' असा आवाज आला आणि माझ्या पॅसेंजरच्या तिसऱ्या डब्याचा रंग खरवडून निघाला. पुन्हा सोडली, पुन्हा खर्र. तुम्ही म्हणाल, डॉक्टर मग वही काढून बसले असतील. वहीत दोन्ही मापं होती, काट्याचं आणि दगडाचं, माझ्याच अक्षरात. दोन ओळींची वजाबाकी होती. पण मी वही उघडली नाही. मी म्हटलं, रेल्वे कशी चुकेल? आपलंच काहीतरी चुकलं. खेळण्यातली चाकं जाड असतात, वळणं दगा देतात. मी चिमट्यानं दगड उचलला, तीन बोटं मागे चिकटवला, मालगाडीचे तीन डबे काढून कपाटात ठेवले. गाडी छान जायला लागली. मी खूश. आणि त्यानंतरचे सोळा बुधवार मी स्टेशनवर जाऊन मास्तरांच्या समोर बसलो, गप्पा मारल्या आणि एक अक्षर बोललो नाही. मला लाज वाटली होती, दुसरं काही नाही. इतकं मोजूनमापून केलेलं चुकलं, हे या माणसाला कशाला सांगा!

गेल्या महिन्यात एका बुधवारी मास्तर दवाखान्यात आले. दाढ दुखत नव्हती, निवृत्त व्हायच्या आधी एकदा स्टेशन डोळे भरून बघायचं होतं, माझं. खुर्ची ओढून बसले. बघता बघता त्यांचे ओठ हलायला लागले. रेल्वेचा माणूस, डबे मोजल्याशिवाय राहतो होय?

"तेवीसच?" म्हणाले. "सव्वीस हवेत."

"बसत नाहीत हो."

"बसत नाहीत म्हणजे? आमच्याकडे तर बसतात."

मी हसलो. ते हसले नाहीत. उठले, खाली वाकले, डोळे रुळाच्या पातळीला आणले. जुन्या जागी डिंकाचा डाग होता, तो त्यांना दिसला.

"दगड कुणी हलवला?"

"मी."

"का?"

"घासत होतं म्हणून."

त्यांनी कपाटातले तीन डबे मागून घेतले. दगड मला पुन्हा मूळ जागी लावायला लावला. औषधवाले नव्हते, तरी त्या माणसानं फोन उचलून रिकाम्या खोलीला लाइन मोकळी आहे का विचारलं, आणि मग पॅसेंजर सोडली. खर्र झालं. मंडळी, तो आवाज केवढा असेल? नखानं कागद खरवडावा एवढा. मास्तरांनी गाडी थांबवली.

"डॉक्टर, हे कधीपासून होतंय?"

"चार महिने झाले."

मला वाटलं, आता ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही तुमचा दगड हलवलात. आमचा कोण हलवणार?"

घड्याळात तीन वीस झाले होते. मालगाडी यायला वीस मिनिटं. त्यांनी माझ्या दवाखान्याच्या फोनवरून स्टेशनला कळवलं, "बाजूची लाइन बंद. एकही गाडी घ्यायची नाही. माझ्या जबाबदारीवर." आणि टेप घेऊन तसेच निघाले. मी मागे धावलो. भर उन्हात आम्ही दोघांनी मापं घेतली. काटा सरकला होता तेवढाच फरक निघाला, पाच मीटरला चार बोटं कमी. तेवढ्यात चारची पॅसेंजर समोरून आली आणि तिसऱ्या डब्यात, खिडकीशी, कोपर बाहेर काढून माझी बायको बसली होती. ती रोज त्याच गाडीनं शाळेतून घरी येते. शिकवते तिथे. तिनं मला बघून हात हलवला. ती आत्ता इथे चौथ्या रांगेत बसली आहे, आणि हे सगळं तिला आज, या क्षणी कळतंय. माफ कर गं. घरी चल, मग काय ते बोल.

त्या संध्याकाळी स्टेशनवर काय झालं, ते मला आज दारात कळलं. सहायक मास्तर, तुम्ही सांगितलंत, आता मी बोलतो. तुम्ही मास्तरांना म्हणालात, "चार माणसं लावतो, अर्ध्या तासात दगड उचलून योग्य जागी पुरतो, वर चुना. बावीस दिवस राहिलेत तुमचे. कोण विचारतंय?" तुम्ही प्रेमापोटी म्हणालात, कुणीही म्हटलं असतं. आणि मास्तर म्हणाले, "याच टोळीनं आणखी अकरा स्टेशनांचे रूळ बदललेत. तिथले दगड कोण मोजेल?"

म्हणून त्यांनी अहवाल लिहिला, स्वतःविरुद्ध. नऊ वर्षं मी रंगवून घेतला, मोजून घेतला नाही, असं स्वच्छ लिहिलं. बाकीच्या स्टेशनांवर मोजणी झाली. अकरांपैकी तीन दगड चुकीच्या जागी सापडले. तीन! आणि अडतीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाच्या नावावर शाईचा एक डाग नाही, त्याला शेवटच्या आठवड्यात ठपक्याचं पत्र मिळालं. त्यात एक वाक्य आहे म्हणे, की नवीन गाडी सुरू झाल्यावर चार महिने हा धोका लक्षात न येणं ही गंभीर हलगर्जी आहे. आज आपण हार-तुरे घेऊन आलो, आणि मास्तरांच्या खिशात ते पत्र आहे. मला एका शब्दानं बोलले नाहीत हो. अहवालातही माझं नाव नाही. 'पाहणी करताना आढळले', एवढंच.

अध्यक्ष महोदय, त्या पत्रावर सही आपली आहे. आपण समोरच्या कागदांवरून लिहिलंत, माझा आपल्यावर राग नाही. पण ते कागद अपुरे होते. त्या चार महिन्यांत धोका एका माणसाच्या डोळ्यांसमोर होता, रोज, त्याच्याच घरात. तो माणूस मास्तर नव्हेत. मास्तरांना कळल्यापासून लाइन बंद व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मास्तर, मान हलवू नका. आज तुम्हाला थांबवता यायचं नाही.

हे सगळं मी मघाशी आतल्या खोलीत बसून लिहून काढलंय. दुसरा कागद नव्हता, म्हणून माझ्या औषधं लिहायच्या कागदावर लिहिलंय. तारखा आहेत, खाली सही आहे. अक्षर डॉक्टरचं आहे, पण वाचता येईल असं काढलंय. अध्यक्ष महोदय, हा कागद सर्वांसमक्ष आपल्या हाती देतो. त्या पत्राबरोबर हा फायलीत लावावा आणि मग पुन्हा एकदा निर्णय करावा, एवढी हात जोडून विनंती.

आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, संयोजकांनी मला दोनदा घंटी वाजवूनही खाली बसवलं नाही, त्याबद्दल मनापासून आभार. मास्तरांचं आणि वहिनींचं पुढचं आयुष्य निवांत जावो. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते सगळं पोटात घाला. चार महिने गप्प बसलो, ते मात्र पोटात घालू नका.