मधातला धुरा

दिरानं दोन शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, सरकवला म्हणून उर्वशीनं मोजणी मागितली होती. आज कोहमाऱ्याच्या बसथांब्यावर ती मोजणीदाराचीच वाट पाहत होती. बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“तुलसाबाई, पोरांनी वावर जोडलं म्हनते?”

“जोडलं कायचं? मधातला धुरा फोडला.”

“एक कराले फोडा लागते?”

“मंग! जमीन तं खालून एकच होती.”

“अन् धुऱ्यावरची तूर?”

“आधी सोंगली. दोन्ही चुलीवर शिजली.”

“पह्यला फावडा कोनं मारला?”

“पोरं एकमेकाच्या तोंडाकडं पाहूनच राहिले. मंग दोघी सुनाइनं पदर खोचले, अन् दोन्हीकडून मारला.”

उर्वशीनं मोबाइल काढून जावेला लावला.

“ओमेश्वरी, तुह्याकडं फावडा आहे का? वावरात घेऊन ये. माहा मी आनतो.”