देवी वीतभर सरकली, त्याची नोंद

…नाही, पण मला एक सांगा, पाइप कधी आखूड होतो का हो? लेंगा आखूड होतो, धुतल्यावर. शर्ट आखूड होतो, पोट सुटल्यावर. पण पाण्याचा पाइप, काळा, मनगटाएवढा जाड, टाकीपासून वाडीपर्यंत नीट टाकलेला… तो दर वर्षी आखूड? आमच्या वाडीचा होतो. टाकी वर कातळावर, देवीच्या देवळाशेजारी, वाडी खाली उतारावर, आणि मधला पाइप टाकीच्या तोंडाशी सुटतो. मग आमचा पाणीवाला संदेश येतो, बोटांनी माप घेतो, तेवढा तुकडा जोडतो आणि फटफटीवर बसून जातो. मी विचारलं, "संदेश, हा कमी कसा पडतो रे?" तर म्हणाला, "काका, थंडीनं आखडतो." म्हटलं, "अरे, मे महिना चाललाय." तर म्हणतो, "उन्हानं पण आखडतो." बरं बाबा. घरी आलो, वहीत लिहिलं. पहिल्या वर्षी दोन बोटं, मग तीन, मग पुन्हा तीन, आणि यंदा चार. नोंद आहे माझ्याकडे.

तुम्हाला सांगतो, ही माझी खोडच आहे. मी राजेंद्र भुवड, हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर, म्हणजे चंचुपात्रं धुणारा आणि बाटलीतल्या विंचवाला वर्षातून एकदा नवीन स्पिरिट घालणारा. अठ्ठावीस वर्षांच्या वह्या आहेत माझ्या. मोहर कधी आला, विहिरीचं पाणी कुठल्या पायरीला होतं, हौसाकाकीच्या दाराला सुतारानं किती वेळा रंधा मारला… तीन वेळा. हौसाकाकी म्हणजे आमच्या वरच्या अंगाची शेजारीण, वाडीतलं सगळ्यात वरचं घर तिचं, एकटी राहते, पंच्याहत्तरी उलटलेली, आवाज मात्र साकवापलीकडे, म्हणजे ओढ्यावरच्या पुलापलीकडे, ऐकू जातो. "राजा, माजा दार लागत न्हाय रं. सुताराला डोळं हायत का भोकां?" सुतार म्हणतो, दार बरोबर आहे, चौकट वाकडी. गवंडी म्हणतो, चौकट मी ओळंब्यात बसवली, दारच फुगलं. मी दोघांचंही लिहून ठेवलं. आपण कशाला कुणाची बाजू घ्यायची?

तर एकवीस सालच्या जुलैत आजूबाजूचे डोंगर खाली आले, आठवत असेल तुम्हाला. त्यानंतर तालुक्याहून एक साहेब आले, वाडी जमवली आणि म्हणाले, "डोंगरावर लक्ष ठेवा. हालचाल दिसली की कळवा." एकोणीस घरांनी माना हलवल्या, साहेब चहा पिऊन गेले. आता लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे एकानं तरी विचारावं? मी म्हटलं, आपण फोटो काढू. दर रविवारी सकाळी आठ वाजता पऱ्यावरच्या साकवावर उभं राहायचं, पाठ खांबाला टेकवायची, समोर अख्खी वाडी, वर कातळ, कातळावर देऊळ आणि दीपमाळ, एक फोटो. पावणेचार वर्षं. राहिले फक्त चार रविवार. दोनदा मला ताप होता, एकदा मेव्हण्याचं लग्न होतं, एकदा साकवच वाहून गेला होता. आमची राजश्री, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणते, "लोक रविवारी मटण घेऊन येतात, आमचे हे फोटो घेऊन येतात."

बरं, फोटो काढले, पण बघायचं कसं? एकावर एक ठेवले की वाडी नाचायला लागते. एका रविवारी हात जरा तिरका, एका रविवारी मी अर्धं पाऊल पुढे. डोंगर हलला की भुवड हलला, कळणार कसं? म्हणून मी कोड लिहायला शिकलो. हसू नका. शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडेच असते, सुट्टीत बसलो, व्हिडिओ बघून बघून शिकलो, समजलं नाही तो भाग सात सात वेळा बघितला. आठ महिने लागले. नोंद आहे माझ्याकडे.

हा कोड काय करतो माहिताय? एका फोटोत ठळक ठळक जागा हेरतो… खिडकीचा कोपरा, पन्हळीचं टोक, जोत्याची कड. मग दुसऱ्या फोटोत तशाच जागा शोधतो आणि दोघांना रेघेनं जोडतो. आपण नाही का लग्नात पोराकडं बघून म्हणत, हा नाकावरून भुवडांचा दिसतो? तसंच. आणि चुकतोही आपल्यासारखाच. कौलं सगळी सारखी, त्यामुळे याच्या घरचं कौल त्याच्या घराशी जोडतो. पहिल्याच दिवशी त्यानं आमच्या गावकाराचं, म्हणजे वाडीचे मानकरी जानूतात्यांचं, टक्कल माझ्या पाण्याच्या पिंपाशी जोडलं. मग या चुका काढायच्या कशा? तर कोड मतदान घेतो. शंभरातल्या नव्वद रेघा जर म्हणाल्या, "हा फोटो एवढा सरकव, एवढा फिरव, की आम्ही सगळ्या बरोबर बसतो," तर त्या खऱ्या, त्यांना हिरवा रंग. ज्यांचं या नव्वदांशी पटत नाही त्यांना लाल रंग आणि बाहेर. शेळी लाल. दोरीवरचं लुगडं लाल. तात्यांचं टक्कल लाल. किती सोपं, किती न्यायाचं, नाही का?

आणि मग मला ती दीपमाळ दिसली.

पहिल्या वर्षी हिरवी. दुसऱ्या वर्षी कधी हिरवी, कधी लाल. यंदा शिमग्यापासून कायम लाल. वाडीतली एकोणीसच्या एकोणीस घरं एकावर एक अशी चपखल बसलेली, आणि वर देऊळ आणि दीपमाळ मात्र सरकलेली. देवळाच्या दाराची रुंदी मोजून आलो, त्यावरून हिशोब केला. वीतभर. आणि सरकली कुठं? वर. आता दगड वर चढत नाही, एवढं शास्त्र चंचुपात्रं धुणाऱ्यालाही कळतं. पुन्हा केलं. वीतभर, वर. सगळे फोटो पुन्हा घेतले, पुन्हा केलं…

आणि इथं मी गाढवपणा केला. वहीत लिहून गप्प बसायचं सोडून जानूतात्यांच्या ओट्यावर जाऊन म्हटलं, "तात्या, हे गणित मला सुटत नाही. दीपमाळ वीतभर वर सरकलेली दिसतेय."

तात्यांनी पान चघळायचं थांबवलं. "वर? म्हंजे डोंगराकडं?"

"हो."

"म्हंजे देवी निघाली."

झालं. दुपारपर्यंत वाडीत, संध्याकाळपर्यंत गावात, आणि मुंबईत तर त्याच्याही आधी, चहाच्या वेळेलाच. रामा गुरवाला बोलावलं, कौल घ्यायला. देवीच्या अंगाला फुलाची कळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा, कळी उजवीकडे पडली की होय. रामानं विचारलं, "आई, रागावलीस काय?" उजवी पडली. "आमच्यावर खूश हायस काय?" तीही उजवी पडली. तात्या म्हणाले, "रामा, ह्याचा अर्थ काय?" रामा म्हणाला, "दोन्ही हाय." मी आपला कोपऱ्यात उभा. लोक माझ्याकडं असे बघत होते, जणू मीच तिला जा म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हौसाकाकी आली फोटो बघायला. लॅपटॉपच्या इतकं जवळ तोंड नेलं की पडद्यावर वाफ धरली. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "कातळावरचा दगूड कुटं जानार रं? त्याचा पाय कातळात हाय. देवी हाय तितंच हाय. तू माज्या दाराचा बग आदी."

दाराचं बघ…

तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी वही काढली. पाइपचं पान. दोन, तीन, तीन, चार. बारा बोटं. आणि बारा बोटं म्हणजे किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. वीत.

दाभोळच्या फेरीबोटीत बसलात कधी? बोट सुटली की क्षणभर वाटतं ना, की धक्काच मागं चाललाय? कोडचं तेच झालं होतं. त्याला काय कळणार, तो मतं मोजतो. एकोणीस घरं, अंगणं, विहीर, नारळ, सगळे एकमेकांचा हात धरल्यासारखे एकत्र खाली सरकले, तर कोड म्हणतो, एवढे सगळे एकमेकांशी जुळताहेत म्हणजे हेच जागच्या जागी असणार. आणि जी जागची हललीच नाही, ती ठरली लाल. पाइप आखडत नव्हता हो. वाडी टाकीपासून लांब चालली होती, आणि वरच्या कडेचं काकीचं घर त्या ओढीत वाकत होतं. आणि पावसाला उरले होते सात आठवडे.

तालुक्याला अर्ज केला. फोटो जोडले, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. उत्तर आलं. पावसाळ्यानंतर पाहणी करण्यात येईल. नोंद आहे माझ्याकडे.

मग वाडीची सभा बोलावली, सहाणेवर, म्हणजे जिथं शिमग्यात पालखी टेकते तिथं, वाडीच्या बरोबर मध्यावर. वाडीच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी बाबल्याशेठ फोनवर, स्पीकर लावून. मी उभा राहिलो, सगळं सांगितलं. पाइप, दार, फेरीबोट. म्हटलं, देवी नाही सरकली, आपण सरकलोय. चार महिने शाळेत राहू, मी हेडमास्तरांशी बोललोय. मग फोनमधून बाबल्याशेठ, "राजादादा, तुझं मोजमाप एक नंबर. मुंबईत पण कोण करणार नाही असं. वीतभर म्हणजे सिरियस मॅटर आहे. देवीला तिथं ठेवण्यात रिस्क आहे."

म्हटलं, "शेठ, देवीला नाही, आपल्याला."

"तेच म्हणतोय मी. तिला सेफ जागी आणा. वाडीत."

तात्या म्हणाले, "मतां घेऊया. घरटी एक." ज्यांना वाटतं वाडी हलली, त्यांनी हात वर करा. माझा हात, आणि हौसाकाकीचा. सतरा विरुद्ध दोन. आता मी कुठल्या तोंडानं रागावू? माझ्या कोडनंही हेच केलं असतं. तात्या खाली उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राजा, माझ्या आज्यानं ह्या जाग्यावर घर बांधलान. आता तुझा मशीन सांगतोय म्हनून मी उटू?" डोळे तांबारलेले होते त्यांचे. म्हणजे झोप त्यांनाही नसावी.

तर अक्षय्य तृतीयेला ढोल-सनई लावून देवीला खाली आणलं. अख्ख्या वाडीत, पाण्याची टाकी सोडली तर, जी एकच वस्तू पक्क्या कातळावर होती, ती उचलून आम्ही सरकत्या उतारावर आणून ठेवली, सुरक्षित म्हणून. आणि मीही खांदा दिला. काय करणार? पालखीला खांदा द्यायची पाळी आमच्या घराची होती.

दोन दिवसांनी बघतो तर हौसाकाकी डोक्यावर बोचकं घेऊन कातळाची वाट चढतेय. म्हटलं, "काकी, कुठं?" म्हणाली, "देवीन जागा खाली केलान. मी जातंय." वर पोचलो तर बाई देवळाचं दार उघडतेय, लावतेय, उघडतेय, लावतेय. "बग राजा, कसा लागतंय. कडीसुदा बसतेय." तिसऱ्या दिवशी आमच्या कुटुंबानं न बोलता दोन अंथरुणं वर पाठवली, आणि मागून आंब्याच्या साठांची ताटं, दीपमाळेशी वाळत घालायला.

काल रविवार. आठ वाजता साकवावर गेलो, फोटो काढला, घरी येऊन गेल्या रविवारच्या फोटोशी जुळवला. सहाणेवर पालखीसाठी घातलेल्या मांडवाचे चारही कोपरे हिरवे. दीपमाळ लाल, आता आठवड्याभरातच. हौसाकाकीची गोधडी लाल. साठांची ताटं लाल.

संध्याकाळी वर देवळात झोपायला जाताना तात्या ओट्यावर बसलेले. "काय राजा, देवी आता जुळली ना सगळ्यांशी?"

"जुळली तात्या. तुम्हां सगळ्यांबरोबर हिरवी झाली."

"बरा झाला. आनि तू रं?"

म्हटलं, "मी लाल. पण वर दार लागतं."

तात्या कातळाकडं बघत बसले. मीही आग्रह केला नाही, आग्रहानं कुणी अंथरूण उचलत नाही. पाऊस तीन आठवड्यांवर आलाय. वाडीत सध्या एकसष्ट माणसं आहेत, आणि देवळाच्या मंडपात, दाटीवाटीनं, पाय जरा आखडून घेतले तर, एकसष्ट माणसं मावतात. टेप लावून मोजलंय मी. नोंद आहे माझ्याकडे.